खिडकीकडची माणसं

आपल्याकडं विमान आधी कुणाचं होतं आणि मग कुणाचं झालं, हे दोन व्यंगचित्रांवरून सांगता येतं. पहिलं १९४६ सालचं. एअर इंडियाचे बॉबी कुका आणि मुंबईतल्या जे. वॉल्टर थॉमसन या जाहिरात संस्थेतले चित्रकार उमेश राव या दोघांनी मिळून महाराजा घडवला. डोक्याला पगडी, लांबलचक मिशा, टोकदार नाक, मिटल्यासारखे डोळे आणि कमरेत वाकून केलेलं स्वागत. पुढं तो पोस्टरांवरून जगभर हिंडला. टोकियोच्या पोस्टरवर तर त्याचा सुमो पैलवान झाला. मी या चित्राकडं बघतो तेव्हा माझी नजर पगडीवर किंवा मिशांवर थांबत नाही, ती त्याच्या वाकलेल्या पाठीवर थांबते. ती एकच रेघ सगळं सांगून जाते. राजा वाकतोय, म्हणजे समोरचा प्रवासी राजाच्या तोलाचा. १९४६ मध्ये विमानात बसणारा माणूस होताही तसाच.

दुसरं चित्र आर. के. लक्ष्मण यांच्या कॉमन मॅनचं. चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा, कानांमागं उरलेले केस. १९५१ पासून 'टाइम्स ऑफ इंडिया'त तो चौकटीच्या कडेला उभा राहून सगळं बघत आला. मंत्री बोलायचे, साहेब बोलायचे, हा कधी बोलला नाही. कॅप्टन गोपीनाथ यांनी २००३ मध्ये एअर डेक्कन सुरू केली. एक रुपयाच्या तिकिटाची भाषा या देशात पहिल्यांदा ऐकू आली ती तिच्यामुळं, आणि त्या कंपनीनं आपलं बोधचिन्ह म्हणून निवडला तो हाच कॉमन मॅन. पुढं ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली आणि तो विमानावरून उतरला. पण जन्मभर कडेला उभं राहून बघणाऱ्या माणसाला कुणीतरी 'ये, बस' म्हणालं, ही घटना मला फार मोठी वाटते. व्यंगचित्राच्या धंद्यात असलेल्या माणसाला तर ती विसरताच येणार नाही.

आमच्या कोल्हापुरात या गोष्टीची सुरुवात खऱ्याच महाराजांपासून होते. उजळाईवाडीचा विमानतळ राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३९ साली सुरू झाला. देश स्वतंत्र व्हायच्या आधी आमच्या माळावर विमान उतरत होतं, पण आसपासच्या गावांसाठी ते कुंपणापलीकडं उतरायचं. नंतर सेवा सुरू व्हायची, बंद पडायची. माझ्या वडिलांच्या, आबांच्या पिढीला विमानतळ म्हणजे पुणे-बेंगळुरू रस्त्यावरून जाताना हात करून दाखवायची मोकळी जागा. मग २०१६ मध्ये उडान योजना आली, २०१७ च्या एप्रिलात शिमला-दिल्ली मार्गावर तिचं पहिलं विमान उडालं. तासाभराच्या उड्डाणासाठी काही जागांचं भाडं अडीच हजारांच्या आसपास बांधून दिलं होतं. त्या योजनेच्या यादीत कोल्हापूर आलं आणि एक दिवस इथून थेट तिरुपतीला विमान जाऊ लागलं.

बाहेरच्या माणसाला यात विशेष वाटणार नाही. कोल्हापूरकराला वाटतं. बालाजीचं दर्शन घेऊन अंबाबाईला आल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, असं इकडं मानतात. नवरात्रात तिरुमलाहून अंबाबाईला मानाचा शालू येतो. या दोन देवळांत आमच्याकडच्या माणसांची ये-जा पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, आणि ती वाहत आली हरिप्रिया एक्सप्रेसनं. मिरज, बेळगाव, हुबळी करत ती गाडी अख्खी रात्र घेते. आमच्या घरात जे जे म्हणून तिरुपतीला गेलं, ते हरिप्रियानंच गेलं.

आबांचं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा आत्यानं नवस बोलला होता, भाऊ बरा होऊन घरी आला तर केस देईन. आबा बरे झाले. पण रात्रभराचा रेल्वेचा प्रवास नको, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि आत्या म्हणाली, ज्याच्यासाठी बोलले तो बरोबर पाहिजे. तेव्हा विमानाचं ठरलं. आई, आबा, आत्या, आम्ही दोघं आणि मुलगी. विमानात बसायची आधीची सवय मला आणि बायकोला. बाकीच्यांनी विमान पाहिलं होतं ते खालून.

आबांनी आयुष्य काढलं शिवाजी उद्यमनगरात, लेथवर. त्यांच्याबरोबर कुठंही जायचं म्हणजे वस्तू कशी बनवलीय हे बघत जायचं. विमान लहान होतं, पंख्यांचं, एटीआर जातीचं. या विमानाला चढायचं दार मागं असतं आणि पंख खिडक्यांच्या वर, त्यामुळं कुठल्याही खिडकीतून खालची जमीन मोकळी दिसते. पायऱ्या चढता चढता आबांनी मागच्या लोकांना थोडं थांबवून ठेवलं. पत्र्यावरच्या रिव्हेटच्या रांगा बघत होते. 'डोकी सगळी पत्र्यात बसवून घेतलीत,' एवढंच म्हणाले आणि आत गेले.

खिडकीची जागा त्यांना दिली. त्यांनी बाहेर बघायच्या आधी खिडकीच बघितली. कडेवरून बोट फिरवलं, चारी कोपऱ्यांतून. 'कोपऱ्याला रेडियस दिलाय बघ,' म्हणाले. 'शाफ्टला पायरी काढताना कोपरा कोरा ठेवला की तिथंच चीर जाते. आमच्या साहेबानं पहिल्या दिवशी शिकिवलं होतं.'

मला तिथं कॉमेट आठवलं. डी हॅविलँड कंपनीचं कॉमेट हे प्रवासी सेवेतलं जगातलं पहिलं जेट विमान, १९५२ साली सुरू झालेलं. १९५४ मध्ये तीन महिन्यांच्या आत अशी दोन विमानं भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली. इंग्लंडात फार्नबरोला एका कॉमेटचं धड पाण्याच्या टाकीत ठेवून त्याला आतून पुन्हा पुन्हा दाब देऊन बघितलं. उंचावर गेलं की विमानाचं धड आतल्या हवेनं फुगतं, खाली आलं की सैल पडतं, आणि हे दर उड्डाणाला होतं. धातू थकतो. चीर निघाली ती झरोक्यांच्या कोपऱ्यापाशी, जिथं ताण एकवटतो तिथं. कॉमेटच्या खिडक्या चौकोनी वळणाच्या होत्या. त्यानंतर विमानांच्या खिडक्यांचे कोपरे चांगले गोलवले गेले. फार्नबरोच्या शास्त्रज्ञांनी टाकीत शोधलेली गोष्ट उद्यमनगरातल्या कामगारानं विमान सुटायच्या आधी बोट फिरवून ओळखली. मी आबांना कॉमेटची हकिकत सांगितली. त्यांना नवल वाटलं नाही, वाईट वाटलं. 'माणसं गेली की रे त्यापायी,' म्हणाले.

विमान उठलं तसे ते चाकं बघत राहिले. एटीआरची चाकं धडाच्या कुशीत मिटतात आणि ठरावीक खिडक्यांतून ती आत जाताना दिसतात. आबांच्या खिडकीतून दिसली. झाकण बसेपर्यंत त्यांनी मान हलवली नाही.

पलीकडं आई बसली होती. तिची शाळा चौथीत सुटली. मराठी सावकाश वाचते, इंग्रजी नाही. सूचना हिंदी-इंग्रजीत झाल्या, घाईत झाल्या, आणि पंख्यांच्या आवाजात तिच्यापर्यंत पोचल्याही नाहीत. तिनं समोरच्या खिशातला जाड कागद काढला. तोच सुरक्षेच्या सूचनांचा, चित्रांचा. पट्टा कसा अडकवायचा, पाठ कशी वाकवायची, दारं कुठं आहेत, अंगात घालायचं जाकीट कुठं ठेवलंय. चौकटीमागून चौकट. ती एकेका चौकटीवर बोट ठेवून पुढं गेली. मागं वळून दार बघितलं, खाली वाकून बाकाखाली हात घालून जाकिटाची पिशवी चाचपली. मग एका चित्रावर थांबली. त्यात माणूस दारातून बाहेर पडतोय आणि त्याच्या हातातल्या बॅगेवर लाल फुली मारली आहे.

'पिशवी न्यायची नाही म्हणतंय,' ती म्हणाली. 'व्हय,' मी म्हटलं.

तिनं पायाशी ठेवलेल्या पिशवीतून पैशाचा बटवा आणि आबांच्या गोळ्यांची पाकिटं काढली, आणि बटवा कमरेला, गोळ्या आबांच्या खिशात. मग कागद होता तसा घडी घालून परत ठेवला.

मी उभा जन्म चित्रातून माणसांशी बोलायचं काम करतोय. इतकं चोख वाचलं गेलेलं चित्र मी दुसरं पाहिलेलं नाही. तो कागद काढणाऱ्या चित्रकाराचं नाव त्यावर नसतं. रंग मोजके, चेहऱ्यांना नाक-डोळे जेमतेम, सावली नाही. पण त्याला ठाऊक असतं की आपला वाचक कुठल्याही भाषेचा असेल, घाबरलेला असेल, आणि त्याला दुसऱ्यांदा वाचायला वेळ मिळणार नाही. विमानतळावर पाणी, स्वच्छतागृह, सामान यांच्या ज्या खुणा आपण बघतो, त्या घराण्यातलंच हे काम. अमेरिकेच्या वाहतूक खात्यानं तिथल्या ग्राफिक कलाकारांच्या संस्थेकडून १९७४ मध्ये ३४ खुणांचा संच करून घेतला आणि तो कुणीही वापरावा म्हणून मोकळा ठेवला. आज जगातल्या बहुतेक विमानतळांवर त्या खुणा किंवा त्यांची भावंडं दिसतात. आपल्याकडं शि. द. फडणीस यांनी शब्दावाचून चित्र बोलतं करायची विद्या किती वरच्या पायरीवर नेली, हे 'हसरी गॅलरी' पाहिलेल्यांना सांगायला नको. शाळेच्या गणिताच्या पुस्तकांत त्यांची चित्रं आली आणि आकड्यांना भिणाऱ्या मुलांना ती आधाराला मिळाली. चित्र हे ज्याला शब्द पुरत नाहीत त्याच्या बाजूनं उभं राहावं, असं मला फार मनापासून वाटतं.

म्हणूनच एका जातीच्या विनोदावर माझा राग आहे. पहिल्यांदा विमानात बसणारा गावाकडचा माणूस. तो खिडकी उघडायला सांगतो, कंडक्टर शोधतो, गाठोडं डोक्यावरच ठेवून बसतो. ही चित्रं दिवाळी अंकांत येतात, मोबाइलवर फिरतात, त्यांना हसू मिळतं. मला ती कधीच पटली नाहीत. त्या विनोदाला माणूस लागत नाही, फक्त त्याचं न माहीत असणं लागतं, आणि ते तर पहिल्या उड्डाणालाच संपून जातं. शिवाय ते खरंही नाही. त्या विमानात सगळ्यांत जास्त लक्ष देऊन कोण बघत होतं, तर पहिल्यांदा बसलेली माणसं. नेहमीच्या प्रवाशांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला होता, कानात गाणी लावली होती. त्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे, रोजच्या रस्त्याकडं कोण बघतं? पण चित्र काढायला बसलो तर माझी पेन्सिल त्यांच्याकडं वळत नाही.

आत्यानं मात्र डोळे गच्च मिटले होते. तिला भीती वाटत होती आणि ती लपवायची तिला गरज वाटली नाही. माझी मुलगी तिचा हात धरून बसली आणि कानाला दडे बसले की आवंढा गिळायचा, असं तिला सांगत राहिली. वर जाताना विमानातला हवेचा दाब कमी होत जातो आणि कानाच्या पडद्यामागची हवा कोंडून राहते. गिळलं, जांभई दिली की तिला वाट मिळते. हे मुलीनं शाळेत वाचलं होतं. आत्याला कारण नको होतं, आवाज हवा होता.

खाली पंचगंगेची वळणं मागं पडली, उसाचं हिरवं रान विरळ झालं, आणि कर्नाटकातली तांबूस, काळी जमीन सुरू झाली. वरून जमीन म्हणजे नुसत्या रेघा असतात. मला त्या रेघांचं कौतुक वाटत होतं, कुठं ब्रश जाड लागलाय, कुठं निब ओरखडलंय. आईला त्यात दुसरं दिसलं. तिचं माहेर शेतकऱ्याचं. एका जागी शेतांच्या पट्ट्या अगदी चिंचोळ्या होत गेल्या होत्या. 'किती वाटण्या झाल्यात बघ,' ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा, 'ह्या एवढ्याशा रेघंपायी माझा चुलता धा वर्षं कोर्टाची पायरी चढला.'

बांध हा शब्द मी शेकडो वेळा ऐकला आहे, त्यावरून झालेली भांडणं ऐकली आहेत. पण रेघ जमिनीवर असते तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंना माणसं असतात, हे त्या उंचीवरूनही आईला दिसत होतं. मला त्या उंचीवरून माणसं दिसेनाशी होतात. आकाशातून काढलेल्या चित्रांची मला हीच भीती वाटते.

तिरुमलाच्या रांगेबद्दल लिहीत नाही. त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय आणि दर्शनाचा क्षण ज्याचा त्यानं ठेवायचा असतो. कल्याणकट्ट्यावर आत्यानं केस दिले. आबांनीही दिले. मग मुलगी म्हणाली, मी पण. आईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि नको म्हणाली नाही.

परतीच्या वेळी रेणिगुंट्याच्या विमानतळावर जे पाहिलं, त्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. तपासणीच्या रांगेत निम्म्याहून अधिक डोकी तुळतुळीत होती. कुणाच्या डोक्याला चंदन लावलेलं. बायका, पोरं, म्हातारे, चांगल्या कापडातले साहेब लोक आणि धोतरातले शेतकरी. व्यंगचित्रकार माणूस ओळखू यावा म्हणून ज्या खुणांवर भिस्त ठेवतो, त्यातली सगळ्यांत हाताशी असलेली खूण म्हणजे केस. भांग, झुलपं, अंबाडा, टक्कल. ती खूणच त्या रांगेतून काढून घेतली होती. पहिल्या नजरेला सगळे सारखे दिसले. मग हळूहळू सगळे वेगळे दिसू लागले. एकाचे कान नुसते उभे राहिले होते. एकाच्या कवटीला मागं उंचवटा होता. आबांच्या कपाळाच्या वर, केसांत लपलेला, तरुणपणी लेथच्या चीपनं पडलेला व्रण निघाला. मी तो जन्मात पहिल्यांदा पाहिला. आत्या इतकी आजोबांसारखी दिसू लागली की आबा सारखे वळून तिच्याकडं बघत होते.

दारावरचा जवान प्रत्येकाचं आधारकार्ड घ्यायचा, त्यावरचा केस असलेला फोटो बघायचा, आणि समोरचं मुंडण केलेलं तोंड बघायचा. त्याला सवय असणार, रोज अशीच माणसं येतात. पण तो उरकत नव्हता. आत्याकडं त्यानं दोनदा बघितलं, डोळ्यांकडं, मग हनुवटीकडं, आणि कार्ड परत दिलं. आमच्या कलेचं अर्धं काम तो माणूस तिथं उभा राहून करत होता. चेहऱ्यात काय बदलतं आणि काय बदलत नाही, ते शोधायचं. न बदलणारं ते सापडलं की मग आम्ही ते थोडं वाढवून काढतो, एवढाच आमच्यात नि त्याच्यात फरक. माणूस दिसण्याजोगा काढणं हे एक प्रकारे त्याला मान देणंच असतं, असं मी मानतो. मारिओ मिरांडा यांच्या गर्दीची चित्रं मला यासाठीच आवडतात. बाजार असो, बोट असो, लग्न असो, त्यांच्या गर्दीत भरीला म्हणून काढलेलं तोंड सापडत नाही.

पुढं क्ष-किरणांच्या यंत्रात पिशव्या सरकत होत्या. त्या पडद्यावर धातू निळा दिसतो आणि खाण्यापिण्याच्या, कापडाकागदाच्या वस्तू नारिंगी. प्रत्येक पिशवीत लाडू. श्रीमंताच्या बॅगेत, आमच्या पिशवीत, एका पोराच्या शाळेच्या दप्तरात, सगळीकडं तेच नारिंगी गोळे. पडद्याशी बसलेली बाई एकेक पिशवी शांतपणे पुढं सोडत होती.

घरी आल्यावर मी चित्राला बसलो. एका दिवाळी अंकाला विमानप्रवासावर व्यंगचित्र हवं होतं. शब्द घालायचे नाहीत हे आधीच ठरलं होतं. विमान बाहेरून काढलं, पंख वर, खाली खिडक्यांची एकच ओळ, आणि प्रत्येक खिडकीत एक मुंडण केलेलं डोकं बाहेर बघतंय. महाराजाची पगडी नाही, कॉमन मॅनच्या कानांमागचे केसही नाहीत. प्रत्येक तोंड वेगळं यायला हवं होतं. कुणाचा कान, कुणाची जिवणी, कुणाचा चष्मा कवटीवर जरा सैल पडलेला. पहिल्या खर्ड्यात दोन तोंडं सारखी झाली, ती पुन्हा काढली. हसू यायला हवं होतं, पण कुणाच्या अडाणीपणाचं नव्हे; इतकी डोकी एकाच वेळी खिडकीला लागलेली बघून येईल ते.

आईनं कागद हातात घेऊन आत्या कुठली ते लगेच दाखवलं. आत्यानं स्वतःला ओळखलं नाही, पण आपल्या वडिलांना ओळखलं. आबांनी आधी खिडक्यांच्या कोपऱ्यांवरून बोट नेलं, रेडियस सगळीकडं सारखा आहे ना ते बघितलं. मग म्हणाले, 'चाकं काढली न्हाईस. विमान चढतंय का उतरतंय?'

मी ते ठरवलं नव्हतं. त्यांच्यासमोरच चाकं काढली, बाहेर आलेली, झाकणं उघडी. उतरतंय. खाली डाव्या कोपऱ्यात रंकाळा आणि पंचगंगेचं एक वळण टाकलं, म्हणजे सगळ्यांच्या माना एकाच बाजूला का वळल्यात हे कुणाला सांगावं लागणार नाही.